वारंगुळा

औशाच्या पुढं, डांबरी सोडून आत
माझी अकरा गुंठे काळी.
सोजरबाई तिला शेत म्हणत नाहीत.
"सायबाची परडी" म्हणतात,
आणि हसू पदराआड लपवायची तसदीही घेत नाहीत.

कोषागारात छत्तीस वर्षं दुसऱ्यांची बिलं तपासली,
सवय जाईना म्हणून इथंही वही.
तूर : बियाणं, दोन फवारे, तीन पाळ्या कोळपणी,
कुंपणाची तार,
तार लावण्याआधी शेळीनं खाल्लेली अर्धी ओळ.
भागाकार केला.
माझ्या तुरीचं वरण
किलोला चारशे बारा रुपये पडलं.
कुमुद म्हणाली, मग सावकाश जेवा.

पहिल्या साली मी गवत समजून अंबाडी उपटली
आणि अंबाडी समजून गवत राखलं, निगुतीनं.
सोजरबाईंनी बांधावरून पाहिलं.
काही न बोलता माझ्या ढिगातली जुडी उचलली,
संध्याकाळी तिचीच भाजी धाडली,
आत ज्वारीच्या कण्या, वर लसणाची करपट फोडणी.
अंबाडी आंबटच असते.
ती जरा जास्तच लागली.

हरभरा मात्र साधला.
कुमुदनं जुनं धोतर रात्री त्यावर अंथरलं,
पहाटे पिळलं :
अर्धी शिशी आंब, पोटदुखीवर.
वहीत रकाना सापडेना.
येळवशीला कडब्याची कोपी बांधली ती एवढीशी
की पाच पांडव आत बसले
आणि आम्ही दोघं आंबिलीचं मडकं घेऊन उन्हात.

मग डाळ.
तुरीला तेलपाणी चोळायचं, दोन उन्हं द्यायची,
जात्यावर भरडायची. ऐकायला सोपं.
माझ्या हाताची अर्धी पीठ झाली, अर्धी तशीच अख्खी,
मला बघत बसलेली.
सोजरबाईंनी मला खुंट्यापासून उठवलं.
दोन दिवस त्या आल्या, दोन दिवस जातं घरघरलं,
दाणा मधोमध फुटत गेला, जसा फुटायला हवा.
मी पाकीट काढलं.
"पैका दावू नका," त्या एकदम कडक झाल्या,
"वारंगुळा हाय ह्यो.
तुमचे दोन दिवस माझ्याकडं लागत्यात."

त्या रात्री वहीत लिहिलं :
देणे, दिवस दोन.
पुढं रुपयाची खूण काढली, मग खोडली.

माघात निरोप आला. करडई.
"पहाटं या, दहिवर हाय तवर.
ऊन चढलं की काटा कुणाचाच नसतो."
हातमोजे नव्हते.
ऑफिसचे निळे मोजे, निरोपसमारंभाला घातलेले,
हातांत चढवून चार वाजता उभा राहिलो.
बायांची रांग अंधारात हसली.
सोजरबाई म्हणाल्या, "पायात काय घातलंय मग, हातमोजे?"

ओलं झाड मऊ असतं, हे खरं.
पण मऊ म्हणजे किती, ते कुणी सांगितलं नव्हतं.
बुडाशी धरायचं, वाकवायचं, हिसका द्यायचा.
माझी अर्धी पात झाली तेव्हा
बाकीच्यांच्या दोन दोन होऊन
त्या तंबाखू मळत बसल्या होत्या.
पूर्वेला उजाडलं,
आणि एकेक काटा जागा होत गेला.

"अर्धा दिस झाला," सोजरबाई म्हणाल्या. "दीड ऱ्हायला."
एक शून्यही सैल न सोडणारा मी,
मला वाटलं होतं पाऊण तरी धरतील.

घरी कुमुदनं सुईनं काटे काढले.
बोटं धरून ती मोजत होती, मी ओरडत होतो,
चुलीवर चारशे बाराचं वरण उतू गेलं.

आता मार्चअखेर.
नोकरीत या दिवसांत सगळं शून्यावर आणायचो,
रात्री दोनपर्यंत दिवे जाळून.
इथं दीड दिवस तसेच उभे आहेत,
आणि परवा त्यांनी घाण्याचं करडई तेल धाडलंय,
बाटलीला चिंधीचं बूच.
विचारलं, हे कशात धरू?
तर म्हणाल्या, भाकरीवर धरा.

मोजे धुऊन तारेवर टाकलेत.
डाव्या अंगठ्यात एक काटा अजून आहे,
दिसत नाही,
बाटली उचलताना कळतो.